दुसऱ्यांच्या थकव्यावर उकळलेला चहा

जुन्या घाटानं चालत जायचं ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं ते अस्वलाचं. शेजारच्या बाई सुपात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अस्वल काय तुलेच पाहाले बसून राह्यलं का वो? त्याले त्याचे कामं नाईत?"

मी माणदेशातली. आमच्याकडं झाड म्हणजे बाभळ नाहीतर लिंब, आणि त्याच्या खाली हमखास कुणीतरी बसलेलं. दोन मैलांवरून येणारा माणूस कुणाच्या घरचा आहे ते चालीवरून ओळखावं, असं उघडं रान. इथं गडचिरोली जिल्ह्यात येऊन मला चौथं वर्ष चाललं होतं. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो. डोंगराला वळसा घालून नवा डांबरी रस्ता झाला, मग त्याचे फाटे सुरू झाले, आणि सहा महिन्यांसाठी आलेलो आम्ही राहून गेलो. मी घरी मशीनवर शिवणकाम करते. पण चार वर्षांत गावच्या तळ्यापलीकडं मी पाऊल टाकलं नव्हतं. तळ्याच्या पाळीवर उभं राहिलं की जंगल दिसायचं, तेवढं मला पुरेसं होतं.

बाईंचं घर मासेमारीचं. तळ्यात जाळं टाकायचं, पावसाळ्यात धान लावायचं. त्यांची धाकटी लेक डोंगरापलीकडच्या गावात दिलेली. तिला मुलगी झाली होती आणि बारसं होतं. त्यांच्या घरची रीत अशी की बाळाला पाळण्यात पहिल्यांदा ठेवायचं ते आईच्या आईनं. ऊन डोक्यावर यायच्या आत. ती पोचली नाही तर बाळाला उपाशी-तापाशी ताटकळत ठेवत नाहीत, सासरची थोरली बाई ठेवते आणि मोकळी होते.

आता यात माझा काय संबंध, तर सांगते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या लेकीच्या मुलाचं बारसं होतं तेव्हा मला हिवताप चढला होता. नवरा लांब कामावर. बाईंनी मला एस.टी.त घालून गडचिरोलीला दवाखान्यात नेलं आणि तीन दिवस माझ्या खाटेशी बसल्या. तिकडं नातवाला पाळण्यात दुसऱ्याच कुणी ठेवलं. मला हे नंतर कळलं, तेही त्यांच्या तोंडून नाही. त्या दिवसापासून माझ्या जिवाला ते लागून राहिलं होतं. म्हणून या वेळी त्या म्हणाल्या, "तू बी चाल, तुह्या हातचे झबले तूच घालून पाहा," तेव्हा मला नाही म्हणवेना. भीती वाटत होती, पण नाही म्हणवेना.

नव्या रस्त्यानं गेलं तर एस.टी. आधी तालुक्याला जाते, तिथं गाडी बदलायची, पोचायला दोन वाजतात. घाटानं मात्र साडेतीन तासांत माणूस पलीकडं. म्हणून सकाळी सातला निघालो. आम्ही चौघं. मी, बाई, बाईंची मोठी जाऊ आणि बाईंचे दीर. दिरांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणते. ते पूर्वी जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होते, त्यांच्या खांद्यावर कुऱ्हाड. बाईंच्या डोक्यावर टोपली, तिच्यात सुकी मासोळी, लाखोरीची डाळ आणि बाळंतिणीला जवसाचे लाडू. मोठ्या जाऊबाईंकडं नव्या तांदळाचं गाठोडं. त्यांना मी आतून भ्यायचे. त्या मला नावानं कधी हाक मारत नाहीत, "पुणेवाली" म्हणतात. पश्चिमेकडून आलेलं माणूस म्हणजे पुण्याचं, असा त्यांचा हिशेब. मी पुणं पाहिलं ते गाडीच्या खिडकीतून, तेही अर्धं झोपेत.

"पुणेवाले, चप्पल काढून घे हातात," निघतानाच त्या म्हणाल्या. "चढात घसरशीन."

"काटं टोचत्याल की."

"काटे टोचते तं पाय उचलते मानूस. घसरते तं थेट खाली जाते."

जानेवारी होता. तळ्यावर धुकं होतं आणि कापून झालेल्या धानाच्या बांध्यांतून चालताना पायाला थंडगार दव लागत होतं. बांध्या संपल्या आणि समोर जंगलाच्या तोंडाशी दोन बुटके दगडी खांब दिसले. तिथून जुना घाट सुरू. बाईंनी एका झाडाची हिरवी डहाळी मोडून माझ्या हातात दिली आणि स्वतः एक घेतली. जाऊबाईंनी घेतली, भाऊंनी घेतली. मला वाटलं, माशा वारायला. मी ती छान माशा वारायला वापरली आणि पहिल्या वळणाशी टाकून दिली. ही चूक नंतर कळली.

पहिला अर्धा तास मी काहीच पाहिलं नाही, खरं सांगते. बाईंच्या टाचा पाहिल्या. त्या जिथं पाय ठेवतील तिथं मी ठेवत होते. सागाची पानं खाली पडलेली, परातीएवढी एकेक, वाळून कडक झालेली. चौघांच्या चालण्याचा एवढा आवाज होत होता की जंगलात काही असलंच तर ते आधीच पलीकडच्या जिल्ह्यात गेलं असेल. हे मनाला सांगितलं तसं जरा बरं वाटलं. मग मान वर केली.

आणि काय सांगू. तो रस्ता होता! पायवाट असेल असं मला वाटलं होतं. हा तर दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढा रुंद, डोंगराच्या अंगाला बिलगून वर चढत गेलेला. दरीच्या बाजूला गुडघाभर उंचीची दगडी भिंत, शेवाळानं हिरवी झालेली. दर थोड्या अंतरावर पाणी जायला दगडी मोरी, चुन्यात बांधलेली, अजून एक चिरा हललेला नाही. रोलरवाल्याची बायको असल्यामुळं मला रस्त्याचं थोडं कळतं. मी वाकून पाहिलं. खाली मोठे दगड, वर लहान, वर मुरूम. नवऱ्याला सांगायला हवं, असं मनात आलं.

"कुणी बांधला वो भाऊ हा?"

"इंग्रजाच्या टाईमचा हाय. सागवान न्याले. माह्या आज्यानं या घाटात गाडी हाकलली. तो म्हने, एक लाकूड अन् चार बैल, अन् उतारावर गाडीच्या मागं झाड बांधून ओढत न्या, नाई तं गाडी बैलायले घेऊन दरीत." एका ठिकाणी उघडा कातळ होता. त्याच्यावर चाकांनी दोन खोल चर पाडलेले. भाऊंनी एकात पाऊल ठेवलं, घोट्यापर्यंत आत गेलं. "पाहा. लोखंडी धावेनं झिजला. किती गाड्या गेल्या असतीन?"

पुढं रस्त्याकडेला एक दगड रोवलेला होता. वर काही अक्षरं. भाऊ म्हणाले, "वाचा बरं, काय लिवलं हाय. लहानपनापासून पाहून राह्यलो."

मी शेवाळ खरवडलं. आकडा असावा असं वाटलं, बाकी इंग्रजी, तेही अर्धं झिजलेलं. "मला न्हाई येत वो. मी सहावीतनंच शाळा सोडलीय. आई आजारी पडली, पाणी आणायला कुणी नव्हतं."

"मंग आमच्याहून सहा जास्त," भाऊ म्हणाले आणि पुढं चालू लागले. जाऊबाई मागून म्हणाल्या, "दगडाले काय इचारता, किती दूर हाय ते माहे गुडघे सांगते." सगळे हसले. मी पण हसले, आणि त्या हसण्यानं जिवाला जरा मोकळं झालं.

मग मला सगळं दिसायला लागलं. ऐनाची झाडं पाहिली, त्यांची साल मगरीच्या पाठीसारखी. एका झाडावर लाल मुंग्यांनी पानं शिवून घरटं केलेलं. पानाला पान असं जोडलेलं की टाका दिसू नये. मी शिवणारी बाई, मी तिथं उभीच राहिले. भाऊ म्हणाले, याची चटणी होते, आंबट. मी म्हटलं, एवढं चांगलं काम मोडून कशी खायची वो? जाऊबाई म्हणाल्या, "तू कोंबडीचे अंडे खाते तवा इचारते का?"

घाटाच्या मध्यावर दगडात कोरलेला लांबट हौद आहे. वर झरा, त्याचं पाणी हौदात. पूर्वी बैल इथं पाणी प्यायचे. आम्हीही प्यायलो. इथून पुढं खरा चढ. बाईंचा एक गुडघा दुखत होता, म्हणून त्या आणि जाऊबाई सावकाश येत होत्या. भाऊ डबा भरून घेत मागं राहिले. माझं मात्र उलटं. मला भीती वाटली की माझे पाय भरभर चालतात. दर वळणावर थांबून मी मागं बघायची, टोपली दिसली की पुढं सरायची. असं करत मी सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचले.

माथा म्हणजे दोन टेकड्यांमधली खिंड. तिथं ऊन आलं होतं. पलीकडची दरी दिसली, तिच्यात निळसर धूर, म्हणजे ते गाव. साडेनऊही झाले नसतील. मला इतका आनंद झाला की काय करू नि काय नको. आपण पोचतोय, बाई पोचतायत, या वेळी काही चुकत नाही. माझ्या पिशवीत छोटं पातेलं होतं, चहापत्ती, साखर होती, बाटलीत हौदाचं पाणी. म्हटलं, ह्यांना वर येताच चहा द्यावा.

आणि सरपण तर कुणीतरी आधीच रचून ठेवलेलं! रस्त्याच्या कडेला, एका मोठ्या दगडाशी, वाळक्या काटक्यांचा कमरेएवढा ढीग. खालच्या काळ्या पडलेल्या, मधल्या वाळून खडखडीत, वरच्या काही अजून हिरवट. मी म्हटलं, बघा इथल्या माणसांची रीत, वाटसरूची किती सोय करून ठेवतात. आमच्या माणदेशात बाई वाळकी काटकी दिसली की वाकल्याशिवाय पुढं जात नाही. सरपणासाठी आम्ही मैल मैल फिरलोय. मी मधल्या वाळक्या निवडून कवभर काढल्या, पानं हातानं दूर सारून जागा साफ केली, तीन दगड मांडले आणि पेटवलं. काय सुरेख जळत होत्या. धूर नाही, काही नाही.

चहाला उकळी आली तेव्हा तिघं वळणावरून वर आले. प्रत्येकाच्या हातात ती सकाळची डहाळी. मी हसतच म्हटलं, "या, बसा, चहा झालाय."

कुणी बसलं नाही. बाईंनी आधी ढिगाकडं पाहिलं, मग चुलीकडं, मग माझ्याकडं. जाऊबाईंनी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"काय केलं वो हे पुणेवाले?"

"चहा."

"कायच्यावर?"

माझ्या हातातला चमचा थांबला. मला काय झालंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी मोठं झालंय हे कळलं.

बाईंनी सांगितलं. तो ढीग सरपणाचा नव्हता. त्या दगडाला सगळे वाटेची माय म्हणतात. घाट चढणारानं पायथ्याशी डहाळी मोडायची, ती हातात घेऊन चढायचं, आणि इथं आलं की तिच्यापाशी ठेवायची. चढाचा सगळा थकवा त्या डहाळीत उतरतो. तो मायेपाशी ठेवला की माणूस पलीकडं हलका उतरतो. गाडीवानांच्या वेळेपासून असं चाललंय. "तुले डांगी देली ना मी सकाळी? कुठी हाय?"

"माशा वारल्या अन् टाकली."

भाऊंनी तोंड दुसरीकडं वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रागानं. मग त्यांना आवरेना. "वयनी," ते जाऊबाईंना म्हणाले, "हिनं लोकायचा थकवा जाळून चहा मांडला वो!" आणि खाली बसून पोट धरून हसायला लागले. बाईंनाही हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी फुटलं.

जाऊबाई हसल्या नाहीत. "हासा. अन् हे लोक परत थकले तं? ज्यायनं ठेवल्या ते तं निवांत घरी बसून हायेत. भरून द्या लागते हे. जितक्या जाळल्या तितक्या."

"देते की," मी घाईनं उठले. "आत्ता मोडून आणते. इथं किती झाडं हायत."

"इथल्या नाई चालत. चढून आनल्या पायजे. हौदापासून."

"मग चला," मी म्हटलं आणि तोंडातून शब्द जाताच मला समजलं. हौदापर्यंत खाली उतरायचं आणि कवभर डहाळ्या घेऊन पुन्हा चढायचं म्हणजे दीड तास तरी. पलीकडं उतरायला आणखी तास-सव्वा तास. सगळे थांबले तर बाईंचा पाळणा गेला. आणि जंगलात माणसाला एकटं सोडून जायचं नाही, ही इथली दुसरी रीत. ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती, कारण ती मला फार आवडायची.

बाईंनाही समजलं. त्यांनी टोपली खाली उतरवली, शांतपणे दगडावर बसल्या. "जाऊ दे. ठेवन ते सासरचे कोनी. पोरगी काय पळून चालली का? आपून दुपारी पोचू."

दुसऱ्यांदा. माझ्यामुळं दुसऱ्यांदा. आणि तोच शांत आवाज. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी एरवी अशा वेळी माफी मागत बसते, दहा वेळा तेच बोलते, समोरच्यालाच माझी समजूत घालावी लागते. त्या दिवशी मला ते नको होतं. मी पदर खोचला आणि उताराला लागले.

"ए पोरी! कुठी चालली? थांब!"

"तुम्ही निघा बाई. मी येते मागनं."

"एकटी?"

"तुम्ही निघा न्हाईतर मी वरच येणार न्हाई, खालीच बसीन!" हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. माझा आवाज फाटला होता.

मागं काहीतरी बोलाचाली झाली. मग जाऊबाईंचा आवाज आला. "तुमी दोघं जा वो. मी बसतो इथी. मी आवाज देईन, तिनं द्याचा. माहे गुडघे बी जरा आराम करतीन." आणि मग मला उद्देशून, मोठ्यानं, "ऐकून राह्यली का पुणेवाले? मी कूऽऽ म्हनीन, तू कूऽऽ म्हन. मोहफुलाच्या दिवसात आमी असंच करतो. आवाज नाई आला तं मी खाली येईन, अन् मंग तुही खैर नाई!"

"कूऽऽ," मी म्हटलं.

"आवाज हाय का मांजर हाय? जोरात!"

"कूऽऽऽ!"

वळण आलं आणि सगळे दिसेनासे झाले.

तेव्हा मला जंगल ऐकू आलं. चौघांच्या पायांखाली ते दबून गेलं होतं. आता सागाचं एक पान उंचावरून सुटायचं, फांद्यांना आपटत आपटत यायचं आणि कुणीतरी पाऊल टाकावं असं खाली पडायचं. प्रत्येक पानाला मी थांबत होते. मग वरून कूऽऽ यायचं, मी कूऽऽ द्यायची, आणि पुढची दहा पावलं पळत टाकायची. एकदा डोक्यावर जोराची खळबळ झाली आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. वानरं होती. काळ्या तोंडाचं एक, भिंतीवरच येऊन बसलं, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि माझ्याकडं असं पाहायला लागलं की जाऊबाईंचंच कुणीतरी नात्यातलं असावं. मला त्याही स्थितीत हसू आलं.

हौदाच्या अलीकडच्या वळणावर कूऽऽ आलंच नाही. मी थांबले. मोजायला लागले. वीसपर्यंत मोजलं, तीसपर्यंत मोजलं. डोंगर मध्ये आला असेल हे कळत होतं, पण कळून काय उपयोग. मग मी तोंडाला दोन्ही हात लावले आणि आधी मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी जन्मात ओरडले नसेन. घरात कधी नाही, शाळेत कधी नाही. माझा आवाज समोरच्या टेकडीला लागून माझ्याकडं परत आला, आणि त्याच्या पाठोपाठ जाऊबाईंचा. आणि मग तिसरा एक. बारीक, लांबचा, डोंगराच्या पलीकडून.

बाईंचा होता तो. त्या उतरत होत्या. चालता चालता त्यांनीही साद दिली होती.

मी हौदाशी पोचले. तोंड धुतलं. डहाळ्या मोडायला लागले. एकाच झाडाला ओरबाडायला नको म्हणून याची एक, त्याची एक. ऐन, तेंदू, धावडा, ज्यांची नावं माहीत नव्हती ती. भारा बांधला आणि डोक्यावर घेतला. आईसाठी सरपण आणायची तेव्हा असाच घ्यायची. डोक्यावर भारा आला आणि माझी मान सरळ झाली. चढायला लागले. धाप लागत होती, ऊन फांद्यांतून खाली उतरत होतं, हिरव्या चिकाचा वास नाकात भरला होता. मी कूऽऽ म्हणायची. वरून जाऊबाई म्हणायच्या, जवळून, खणखणीत. आणि पलीकडून बाई म्हणायच्या, दर खेपेला आधीपेक्षा बारीक. तो आवाज जसजसा बारीक होत गेला तसतशी मी खूश होत गेले. चढ अर्धा संपला तेव्हा तो मच्छराएवढा झाला होता. मग एकदा आलाच नाही. मी भारा सावरून उभी राहिले, नीट कान दिला. नाही आला. मी त्या रस्त्याच्या मधोमध एकटी उभी होते आणि मोठ्यानं म्हणाले, "पोचल्या जवळपास!" कुणाला म्हणाले कोण जाणे.

माथ्यावर जाऊबाई पाय पसरून बसल्या होत्या. चूल विझवून तिच्यावर माती टाकलेली. पातेलं रिकामं.

"चहा?"

"वाया काऊन घालवाचा? भाऊनं अर्धा पेला. म्हने, लोकायचा थकवा गोड लागून राह्यला." मग त्या म्हणाल्या, "मी बी घोटभर घेतला. साखर जास्त झाली तुही."

मी डहाळ्या एकेक करून ठेवल्या. जाऊबाई बघत होत्या. शेवटची ठेवली तशा त्या म्हणाल्या, "हे झाल्या लोकायच्या. तुही कुठी हाय?"

माझी स्वतःची मी आणलीच नव्हती. मी मटकन खाली बसले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या, दात दिसेपर्यंत. "ऊठ वो. तुले काय थकवा आला? वाघीनीसारखी ओरडून राह्यली होती. ऊठ, चाल."

उतार आम्ही जवळजवळ पळत उतरलो. दुखऱ्या गुडघ्यांच्या जाऊबाई माझ्या पुढं होत्या. गावाच्या वेशीशी आलो तेव्हा ऊन डोक्यावर येऊन गेलं होतं. घराच्या दारात कुणीतरी आमच्या पायांवर पाणी घातलं. आतून बायकांचा गलका येत होता. दारातून मी आत पाहिलं. पाळणा हलत होता, आणि पाळण्याच्या दोरीला बाईंचा हात होता. त्यांनी मला पाहिलं आणि दुसऱ्या हातानं, बोटांनी, खूण केली. ठेवलं. मीच ठेवलं.

मला कुणीतरी भिंतीशी सतरंजीवर बसवलं, द्रोणात भात दिला, मासोळीचा रस्सा दिला. मी खाल्लं. भिंत उन्हानं तापलेली होती, तिला पाठ लावली. नाव ठेवायचं अजून बाकी होतं. बायका गाणी म्हणत होत्या, शब्द मला कळत नव्हते. मी म्हटलं, जरा डोळे मिटते.

उठले तेव्हा पाळणा रिकामा होता, बाळ आत आईपाशी होतं, आणि बायका पानसुपारी खात होत्या. अनोळखी घरात, भर गलक्यात, मी दिवसाढवळ्या तोंड उघडं टाकून झोपले होते. नाव ठेवून झालं होतं. ज्या बारशासाठी एवढं केलं त्यातलं नावच माझं ऐकायचं हुकलं होतं. मला इतकी लाज वाटली की कुणाला विचारवेना. जाऊबाईंना विचारणं तर शक्यच नव्हतं, त्यांनी जन्मभर ते पुरवून वापरलं असतं. मी हळूच बाईंच्या शेजारी सरकले.

"बाई, नाव काय ठेवलं वो पोरीचं?"

बाईंनी इकडंतिकडं पाहिलं. "मले बी नाई ऐकू आलं," त्या कुजबुजल्या. "पोरीच्या कानात सांगतलं तवा मी तुह्याकडं पाहून राह्यली होती. तू घोरत होती, मले हासू येऊन राह्यलं होतं. मंग बाया ओरडल्या, समजलंच नाई."

"आता?"

"आता काय. मी आजी होऊन कोनाले इचारू?"

आम्ही दोघींनी खाली माना घालून हसू दाबलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं, मला उठवलं, आणि आम्ही आतल्या खोलीत गेलो, बाळंतिणीला विचारायला.